जीपच्या पाठीमागचा दिवा

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या अमेरिकन कंपन्यांच्या कारखान्यांतून जी सैनिकी जीप सहा लाखांहून अधिक संख्येने बाहेर पडली, तिच्या रचनाकारांनी केलेली एक विचारपूर्वक तजवीज आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. तिचे पुढचे दिवे बिजागरीवर बसविलेले असत, आणि एक नट हाताने सैल केला की ते मागे उलटून थेट इंजिनावर प्रकाश पाडीत, त्यामुळे रात्री बिघाड दुरुस्त करणाऱ्या सैनिकाचे दोन्ही हात कामाला मोकळे राहत. पाठीमागे मात्र नेमके उलट धोरण होते. तेथील दिवे शत्रूच्या विमानाला दिसू नयेत म्हणून बारीक खाचांपुरतेच उघडे ठेवलेले असत, आणि त्या खाचा वेगवेगळ्या दिसतात की एकात एक मिसळतात यावरून मागून येणाऱ्या चालकाने आपले अंतर अजमावावे, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती. युद्ध संपले, जीपची जुळणी मुंबईत होऊ लागली, सरकारी खात्यांतून आणि खेडोपाडीच्या वाटांवरून ती सर्वत्र रुळली, आणि तिची वंशज म्हणता येईल अशी थार आज नाशिकच्या कारखान्यात तयार होते. परंतु गाडीच्या पाठीमागे काम करणाऱ्या माणसाचा अंधार काही पुरता हटलेला नाही.

वस्तुतः रानवाटेवरच्या गाडीचे निम्मे कष्टाचे काम तिच्या पाठीमागेच चालते. चिखलात रुतलेल्या दुसऱ्या गाडीला ओढपट्टा लावायचा असो, ट्रॉली जोडायची असो, मागच्या दारावरची स्टेपनी उतरवायची असो, किंवा कोकणातल्या एखाद्या बागेतून आंब्याच्या पेट्या रातोरात चढवायच्या असोत, माणूस उभा असतो तो गाडीच्या मागेच. तेथे मूळचा प्रकाश म्हणजे उलट गिअरबरोबर लागणारा पांढरा दिवा. जुन्या धाटणीच्या गाड्यांत त्यात २१ वॅटचा बल्ब असतो, आणि त्याचा हेतू मागच्या लोकांना इशारा देणे व चालकाला चार पावले जमीन दाखविणे इतकाच आहे. त्याच्या उजेडात काम करायचे तर गाडी उलट गिअरमध्ये ठेवावी लागते. म्हणजे ज्या क्षणी माणूस बंपर आणि ट्रॉली यांच्या मधोमध वाकलेला असतो, त्याच क्षणी गाडी मागे सरकण्याच्या तयारीत उभी असते. क्लचवरचा पाय निसटला की काय होईल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. स्वतंत्र बटणाचा, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हातब्रेक ओढलेला असताना लागणारा कामाचा दिवा पाठीमागे असावा, असा माझा जो आग्रह आहे, त्याचे मुख्य कारण हेच आहे.

दिव्याच्या निवडीत लोक वॅटच्या आकड्याला भुलतात. लांबवर झोत फेकणारा दिवा येथे निरुपयोगी आहे. तो पन्नास पावलांवरचे झाड उजळतो आणि पायाशी पडलेली कडी अंधारातच ठेवतो. हवा तो प्रकाश पसरट आणि जमिनीकडे उतरणारा. शिवाय एका प्रखर दिव्यापेक्षा दोन्ही कोपऱ्यांत बसविलेले दोन सौम्य दिवे केव्हाही श्रेयस्कर, कारण एकच दिवा असला की वाकलेल्या माणसाची स्वतःची सावली नेमकी त्याच्या हातातल्या कामावर पडते, आणि दोन बाजूंनी प्रकाश आला की ती सावली पुसट होते. वीस-वीस वॅटचे दोन एलईडी दिवे या कामाला भरपूर होतात. धूळ पूर्णपणे रोखणारे आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडूनही टिकणारे, म्हणजे आयपी ६७ प्रतीचे दिवे घ्यावेत. पावसाळी ओढ्यातून जाणाऱ्या गाडीला त्याहून कमी चालणार नाही. दिवा बंपरवर बसविला तर पहिल्याच चिखलात तो लिंपून जातो. छताच्या कडेला, खाली झुकवून बसविला तर स्वच्छही राहतो आणि काम करणाराच्या डोळ्यांवरही येत नाही. स्टेपनीच्या कडेला बसवायचा झाल्यास दाराच्या बिजागरीपाशी तारेला पुरेशी ढील द्यावी, अन्यथा दार उघडझाप होऊन ती आतल्या आत तुटते.

परंतु खरा मामला दिव्याचा नसून तारेचा आहे. पूर्वीचे ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे बारा व्होल्टवर नऊ अँपियरहून अधिक प्रवाह ओढीत. बॅटरीपासून मागच्या टोकापर्यंतच्या पाच मीटर वाटेवर अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची हलकी तार घातली, तर सुमारे दीड व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो आणि तंतूचा प्रकाश तिसऱ्या हिश्श्याहूनही अधिक घटतो. एलईडी दिव्यांची जोडी साडेतीन अँपियरच्या आतबाहेर ओढते, त्यामुळे तेथे दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते. मूळच्या टेललाईटची तार सोलून तिच्यावर हा भार लादण्याची जी रीत रूढ आहे ती सर्वथा त्याज्य होय. ती तार त्या भारासाठी घातलेलीच नसते, आणि संगणकीय नियंत्रण असलेल्या नव्या गाड्यांत अशा जोडामुळे सारी यंत्रणाच गोंधळात पडू शकते.

बॅटरीच्या धन टोकापासून निघालेल्या तारेवर वीतभर अंतराच्या आत फ्यूज असावा, कारण फ्यूजच्या अलीकडचा तुकडा कोणत्याही संरक्षणाविना राहतो. फ्यूज दिव्याच्या नव्हे, तारेच्या रक्षणासाठी असतो. सबब दिव्यांच्या प्रवाहापेक्षा थोडा अधिक, परंतु तार सहन करील त्याहून निश्चित कमी, अशा मापाचा तो निवडावा, आणि आपल्या या जोडीला साडेसात अँपियरचा योग्य होईल. तेथून तार रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकावर यावी व ८७ वरून दिव्याकडे जावी; ८५ व ८६ ही टोके आतल्या वेटोळ्याची, त्यांपैकी एक बटणाकडे आणि दुसरे गाडीच्या अंगाला. अशा रचनेत मुख्य प्रवाह डॅशबोर्डवरच्या बटणातून जात नाही, हाच रिलेचा लाभ. पत्र्यातून तार काढाल तेथे रबरी कडे बसवा, सायलेन्सर आणि फिरता दांडा यांपासून तिला दूर बांधा.

अर्थिंगची उपेक्षा तर सर्वत्र होते. रंगावरच स्क्रू आवळला जातो, दिवा पहिल्या दिवशी लख्ख लागतो, आणि दोन पावसाळ्यांनंतर मिणमिणू लागतो. असा जोड उघडून पाहावा: चकतीखाली तांबूस गंज, तारेच्या टोकावर हिरवा कळंक, आणि काही तंतू बोट लावताच गळून पडणारे. कोकणच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर घडते. रंग खरवडून पत्रा उघडा करावा, दातेरी वॉशर घालून लग घट्ट आवळावी, आणि वर व्हॅसलिनचा जाड थर द्यावा. दहा मिनिटांचे हे काम वर्षानुवर्षांचा त्रास वाचविते.

आता कायद्याविषयी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०८ अन्वये वाहनाने पाठीमागे तांबड्याखेरीज अन्य प्रकाश दाखविण्यास मनाई आहे. नंबरपट्टीचा दिवा, वळणाचा दर्शक आणि गाडी मागे घेताना लागणारा पांढरा दिवा अशा मोजक्या बाबींनाच मुभा आहे. वाहनात फेरफार करण्यावर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ चे निर्बंध आहेत, त्यामुळे फिटिंगपूर्वी परिवहन कार्यालयात खातरजमा करून घेणे इष्ट. कायदा बाजूला ठेवला तरी, घाटातल्या वळणावर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांवर असा पांढरा झोत पडला तर त्याला क्षणभर रस्ताच दिसत नाही. म्हणून बटणातच लाल खूणदिवा असावा, आणि हा कामाचा दिवा उलट गिअरशी आपोआप जोडण्याचा मोह टाळावा. फिटिंग करून देणारा वायरमन ‘दोन्ही एकत्र करून देतो, साहेब’ असे म्हणेल. त्याला स्पष्टपणे नको म्हणून सांगा, आणि डांबरी रस्त्यावर चाक लागण्यापूर्वी तो खूणदिवा विझला आहे, हे पाहून घेत जा.