टेबलावरचा ऑर्गन

आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की संगीत नाटक आठवतं. पायांनी हलणारा भाता, शेजारी तबला आणि पडदा वर जाण्याआधीच नाट्यगृह भरून टाकणारा तो सूर. ते वाद्य म्हणजे पायपेटी. तिच्यात धातूच्या पातळ पट्ट्या कंप पावतात. युरोपातल्या चर्चमधला ऑर्गन ही निराळीच चीज. तिथं नळ्या असतात, काही लाकडाच्या, काही कथील-शिशाच्या, आणि प्रत्येक स्टॉपसाठी दर पट्टीला स्वतंत्र नळी. ६१ पट्ट्या आणि २० स्टॉप धरले तर बाराशेच्या वर नळ्या झाल्या. अगदी मोठ्या ऑर्गनमधली खर्जाची नळी ३२ फूट उंच असते. तिचा सूर कानाला कमी आणि छातीला जास्त कळतो म्हणतात.

हे वाद्य मी घरी वाजवतो असं सांगितलं की स्टाफरूममध्ये मंडळी हसतात. पण वाजवतो हे खरं. ‘ग्रँडऑर्ग’ नावाची संगणक-प्रणाली फुकट मिळते. ‘हाउप्टवेर्क’ नावाची दुसरी विकत घ्यावी लागते. पुष्कळ नामवंत ऑर्गन तिच्यासाठी टिपलेले आहेत. फ्रान्समधल्या काँ शहरातल्या सेंट एतिएन मठातला, काव्हाये-कोल यांनी १८८५ साली पुरा केलेला ऑर्गन त्यांपैकीच. माझा सरंजाम मात्र साधा आहे. लॅपटॉप, पाच सप्तकांचा मिडी कीबोर्ड आणि बऱ्यापैकी हेडफोन. पायांनी वाजवायच्या पट्ट्या माझ्याकडे नाहीत, त्यामुळे बाखच्या बहुतेक रचनांचा तळमजला मला बंदच आहे.

ऑर्गन टिपतात कसा, हे ऐकण्यासारखं आहे. रस्त्यावरची रहदारी थांबली की रात्री चर्चमध्ये मायक्रोफोन लावतात आणि एकेका नळीचा सूर काही सेकंद धरून ध्वनिमुद्रित करतात. असे शेकडो सूर. एवढ्यावर काम संपत नाही. पट्टी सोडल्यावर दगडी भिंतींतून घुमत विरत जाणारा आवाजही टिपतात, आणि तोही थोडा वेळ दाबलेल्या पट्टीचा वेगळा, लांबवलेल्या सुराचा वेगळा; कारण दोन्ही वेळी वास्तू निरनिराळं उत्तर देते. माझ्या मते या प्रणालीची खरी कमाल इथं आहे. वाद्याबरोबर ते देऊळच घरात येतं.

पेटीवर वळलेला हात मात्र इथं गोंधळतो. पेटीत भात्यावरच्या हाताने सूर फुगवता येतो. इथं बोट कितीही दाबा, सूर तेवढाच. आवाज वाढवायचा तर आणखी स्टॉप उघडायचे, नाहीतर पायाखालच्या पेडलने नळ्यांच्या खोलीची दारं उघडायची. आणि द्रुत तान घ्यायला जावं तर आधीच्या सुरांच्या शेपट्या पुढच्यांत अडकून नुसता गलका होतो. थांबत, ऐकत वाजवावं लागतं.

आपल्या कानाला सुखावणारी एक सोय या प्रणालीत आहे. ती म्हणजे सुरांची जुळणी बदलता येते. पेटीचा गंधार चढा, ही आपली जुनी तक्रार. या आणि अशाच कारणांवरून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं होतं. ग्रँडऑर्गमध्ये युरोपातली जुनी ‘मीनटोन’ जुळणी निवडली आणि पांढरी एक षड्ज धरला, की गंधार सुमारे १४ सेंटनी खाली येतो आणि षड्जात विरघळतो. (सेंट म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग.) त्याची किंमत पंचम देतो, तो साडेतीनेक सेंटनी उतरतो. तरीही तो गंधार प्रथम ऐकला त्या रात्री मी तासभर सा-ग एवढंच वाजवत बसलो होतो.

हे सगळं शिकल्यावर लक्ष आपल्या पायपेट्यांकडे गेलं. आमच्या भागात जुन्या घरांतून त्या अजून सापडतात. वर फोटो, पंचांग, औषधांचे डबे. त्यांचे भाते शिवणारे हात कमी झाले, आणि तो आवाज कुणी सूर-सूर करून टिपून ठेवल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ओळखीच्या एका काकांकडे अशीच एक पेटी आहे. ती आता जाणार आहे, कारण नातवाच्या अभ्यासाच्या टेबलाला जागा हवी. “सर, वाजवून घ्या काय ते. दिवाळीनंतर माणूस येणार आहे न्यायला,” काका म्हणाले.

ग्रँडऑर्गला सूर नळीचा की पट्टीचा, याचं सोयरसुतक नाही. नीट कापलेलं ध्वनिमुद्रण आणि कोणती पट्टी दाबल्यावर कोणता सूर, हे सांगणारी एक फाईल त्याला पुरते. म्हणून गेले तीन आठवडे शनिवारी रात्री जेवणं आटोपून दोन विद्यार्थ्यांसह तिथं जातो. एक पंखा-फ्रिज बंद करतो, दुसरा वही सांभाळतो, भाता काका स्वतः मारतात. दुसऱ्याच्या पायाला तो सापडत नाही. भात्याची करकर सुरात येते. ती काढून टाकायची की ठेवायची, यावर आमच्यात मतभेद आहेत. मी ठेवायच्या बाजूचा. वरच्या सप्तकातला कोमल धैवत मुकाच आहे, तिथं वहीत फुली मारली आहे.

मधल्या सप्तकातले नऊ सूर अजून राहिले आहेत.