पाण्याने कोरलेली लेणी

गुहा म्हटली की मराठी माणसास अजिंठा-वेरूळ आठवते. म्हणून यवतमाळकडील प्रवासी आंध्र प्रदेशातील बेलमच्या गुहेत उतरला, की प्रथम छिन्नीची खूण शोधू लागतो. ती तेथे नाही. येथील शिल्पकार पाणी होय.

पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कर्बवायू शोषून किंचित आम्ल बनते आणि चुनखडी विरघळविते. त्यामुळे दीर्घ काळात फटींचे बोगदे होतात. पुढे छताच्या थेंबातून तो वायू निसटला, की चुना पुन्हा थिजून लोंबते स्तंभ घडतात. यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा. त्यात अशी किमया होत नाही. वणी-मुकुटबनकडे मात्र चुनखडी आहे, ती सिमेंटच्या कामी येते.

बेलमची गुहा ३,२२९ मीटर लांब असून त्यांपैकी सुमारे दीड किलोमीटर वाट प्रवाशांस खुली आहे. आत गारवा मिळेल या आशेने गेलेल्यास दमट उकाडा भेटतो. मात्र ४६ मीटर खोलीवरील पाताळगंगेचा झरा पाहिला, की श्रमाचे चीज होते.

या गुहेची नोंद रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ मध्ये केली होती. तरीही १९८८ पर्यंत आसपासच्या वस्तीचा कचरा तिच्यात टाकला जाई. गावकऱ्यांनी ती स्वच्छ केली आणि २००२ मध्ये ती प्रवाशांस खुली झाली. मानवी लेण्याची मोडतोड कारागीर कदाचित सांधील. पाण्याने घडविलेला स्तंभ एकदा मोडला, तर तो कोणत्याही कारागिराच्या हाती लागत नाही. तेव्हा पाहावे, पण हात लावू नये, हेच बरे.