घराच्या भिंती आणि पिवळा रंग

घर रंगविण्याची वेळ आली म्हणजे आपण बहुधा पांढरा किंवा अगदीं फिका रंग पसंत करतों. पिवळाजर्द रंग देवळाला किंवा लग्नमंडपाला शोभावा, राहत्या घराला नव्हे, अशी आपली समजूत असते. ती सर्वस्वी खरी नाहीं. मात्र हा रंग निवडतांना दोन गोष्टी पाहिल्या पाहिजेत : खोलींतील प्रकाश, आणि रंग ज्या द्रव्याचा बनला आहे तें द्रव्य.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने हा १८८३ सालीं झिव्हेर्नी या खेड्यांत राहावयास गेला. तेथील जेवणाच्या खोलीच्या भिंतीच नव्हे, तर कपाटेंसुद्धां त्यानें पिवळीं केलीं. परंतु त्यानें फिकी व गडद अशा दोन छटा योजिल्या, भिंतींवर जपानी चित्रें लाविलीं आणि शेजारच्या स्वयंपाकघरांत निळ्या फरश्या बसविल्या. पिवळ्यानें दिपलेल्या डोळ्यांना निळ्यावर विसांवा मिळतो.

पिवळी भिंत प्रकाशांतील निळा अंश शोषून घेते व बाकीचा परत टाकते. तो समोरच्या पिवळ्या भिंतीवर पडला कीं उरलासुरला निळा अंशही कमी होतो. त्यामुळें दुकानांतील नमुन्यावर सौम्य दिसणारी छटा खोलींत भडक भासते. म्हणून मनांत भरलेल्या छटेहून थोडी फिकी छटा घ्यावी. आधीं हातभर पट्टा भिंतीवर लावून तो सकाळीं, दुपारीं व दिव्याच्या उजेडांत पाहावा; पिवळसर दिव्याखालीं हाच रंग फिका पडतो. ऊन न येणारी उत्तरेकडील खोली किंवा अंधारा बोळ या रंगानें प्रसन्न दिसतो.

आतां द्रव्याविषयीं. पूर्वी आपल्याकडे चुन्यांत पिवडी, म्हणजे पिवळी माती, कालवून भिंती रंगवीत. या मातीचा रंग तींतील लोहामुळें येतो. १७९७ सालीं वोक्लँ या फ्रेंच रसायनज्ञानें क्रोमियम धातूचा शोध लाविला आणि पुढें त्यापासून झळझळीत क्रोम पिवळा रंग निघाला. पण त्यांत शिसें असतें. शिशाची धूळ पोटांत गेल्यास लहान मुलांच्या मेंदूची वाढ बिघडते, व तिची निर्धोक अशी मात्रा ठाऊक नाहीं. घरगुती रंगांत शिसें दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावें, असा नियम भारतांत १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला.

तेव्हां जुन्या दारांखिडक्यांवरील पिवळा तेलरंग कोरडा खरवडूं नये. तो ओला करून काढावा, धूळ ओल्या फडक्यानें पुसावी, आणि काम चालूं असतां मुलें व गर्भवती स्त्रिया यांना तेथून दूर ठेवावें. नवा डबा घेतांना त्यावर शिशाविषयीं काय लिहिलें आहे तें वाचल्यावांचून पैसे देऊं नयेत.