कूळ, चूल आणि उतारा : पनवेलच्या खाडीकाठच्या गावातील मालमत्ताविचार

मालमत्ता ही केवळ वस्तू नसून त्या वस्तूच्या निमित्ताने माणसामाणसांत निर्माण होणारा संबंध होय, हे विधान कायद्याच्या व समाजशास्त्राच्या अभ्यासकांस नवे नाही. परंतु एखाद्या विशिष्ट समाजात हा संबंध नेमका कसा आहे, याचा शोध घेताना कायद्याच्या कलमांइतकाच त्या समाजाच्या बोलीचा आधार घ्यावा लागतो, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. ज्या हक्काला बोलीत शब्द आहे पण दप्तरात रकाना नाही, त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न वरवर कोशकाराचा वाटला तरी शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने तो पोटापाण्याचा प्रश्न असतो. पनवेलच्या खाडीकाठी वसलेल्या लहान आगरी गावांचे उदाहरण या बाबतीत विशेष बोलके आहे.

या गावांत जमिनीविषयीचे शब्द दोन थरांत आढळतात. मालक, हक्क, हिस्सा, वारस, कब्जा, वसूल हे शब्द मूळचे अरबी, तर जमीन, दस्तऐवज हे फारसी होत. राज्यकारभाराच्या भाषेतून ते मराठीत आले आणि आजही तलाठ्याच्या दप्तरात त्यांचेच राज्य आहे. बांध, खाजण, राब, आवण, उघाडी, खांड, वाटा, चूल हे शब्द मात्र कामाच्या व घराच्या भाषेतील आहेत. पहिला थर कोणाचे काय आहे ते सांगतो. दुसरा थर कोणी काय करावयाचे आणि कोणाला काय मिळावयाचे ते सांगतो. गावाचे जीवन या दोहोंवर चालत आले. लेखी नोंद मात्र पहिल्याचीच झाली.

1. खार आणि बांध

‘आगर’ या शब्दाला मिठागर आणि नारळी-पोफळीची बाग असे दोन्ही अर्थ आहेत. आगरी हे जातिनाम या शब्दाशी जोडले जाते, आणि मीठ पिकविणे व खाऱ्या जमिनीत भात पिकविणे हे या समाजाचे परंपरागत उद्योग राहिले आहेत. खाडीकाठची खारजमीन निसर्गतः मिळालेली नाही. भरतीचे पाणी जेथे पसरत असे त्या खाजणाला मातीचा बांध घालून, पावसाच्या पाण्याने तीतील मीठ वर्षानुवर्षे धुऊन काढून ती तयार केलेली आहे. बांधाला ठेवलेली उघाडी म्हणजे पाण्याचे दार. ओहोटीला पावसाचे जादा पाणी तीतून बाहेर सोडावयाचे आणि भरतीला खारे पाणी अडवावयाचे, हा तिचा उपयोग. अशा जमिनीत मोड आलेले बी चिखलात फेकून भात पेरण्याची ‘रहू’ ही रीत आणि काळा राता, भुरा राता यांसारखी क्षार सहन करणारी भाताची वाणे प्रसिद्ध आहेत. पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने पुढे काढलेली वाणे ‘पनवेल’ याच नावाने ओळखली जातात.

उधाणाच्या भरतीत बांधाला खांड पडली, की खारे पाणी एका शेतात थांबत नाही. ते बांधाआडच्या सगळ्या शेतांत शिरते आणि पुढील काही हंगाम तेथे पीक धड येत नाही. म्हणून खार गावात ‘माझे शेत’ हा प्रयोग नेहमीच ‘आमचा बांध’ या प्रयोगावर अवलंबून असतो. अलिबागच्या खारेपाटात सर्वांनी मिळून बांध राखण्याच्या रीतीस ‘जोळ’ असे नाव आहे. जुन्या महसुली व्यवस्थेतही ही गोष्ट ओळखलेली दिसते. एकोणिसाव्या शतकातील ठाणे व कुलाबा जिल्ह्यांच्या गॅझेटिअरांत ‘शिलोत्री’ या धारापद्धतीचे वर्णन आहे. बाहेरचा बांध घालणारा व राखणारा तो शिलोत्रीदार. त्याबद्दल तो शेतकऱ्यांकडून भाताच्या रूपाने जी वर्गणी घेई, ती ‘शिलोत्री मण’. म्हणजे येथे हक्काचा उगम कर्तव्यात होता. बांध राखला तर मण, असा तो करार होता. 1948 च्या खारजमीन कायद्याने व त्यानंतरच्या 1979 च्या कायद्याने या बांधांची जबाबदारी मुख्यतः शासकीय यंत्रणेकडे गेली. कर्तव्य गावाबाहेर गेले आणि त्याबरोबर त्याला चिकटलेला सामाईक हक्कही शब्दापुरता उरला.

2. कूळ

‘कूळ’ हा शब्द अर्थपरिवर्तनाचा उत्तम नमुना होय. संस्कृत ‘कुल’ म्हणजे वंश, घराणे. मराठीत हा अर्थ ‘कुळाचार’, ‘कुळस्वामी’ या शब्दांत कायम आहे. परंतु त्याचबरोबर दुसऱ्याची जमीन कसणारा तो कूळ, हा अर्थही रूढ झाला. जमिनीचा करार व्यक्तीशी नसून राबणाऱ्या अख्ख्या कुटुंबाशी होत असे, हे या अर्थविस्तारात दिसून येते. खंड एकाच्या नावाने भरला जाई. पण आवण उपटणे, लावणी, कापणी, झोडणी ही कामे घरातील बायामुलांसह सर्वांची असत.

मराठीत ‘जवळ असणे’ या अर्थाचे स्वतंत्र सकर्मक क्रियापद नाही, आणि त्यामुळे स्वामित्वाच्या छटा विभक्तींनी व शब्दयोगी अव्ययांनी दाखविल्या जातात. ‘त्याचे शेत आहे’ या वाक्यात मालकी आहे. ‘त्याच्याकडे शेत आहे’ हे वाक्य कुळासही लागू पडते. त्यात ताबा आहे, मालकी असेलच असे नाही. ‘तो शेत लावतो’ या वाक्यात केवळ श्रम आहे. या तीन वाक्यांमधील अंतर हाच कुलाबा जिल्ह्याच्या शेतकरी चळवळीचा विषय होता. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 साली सुरू झालेला आणि सुमारे सहा वर्षे चाललेला शेतकऱ्यांचा संप हा याच मागणीचा उद्गार होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याविषयीचे विधेयक मांडले. 1939 च्या कायद्याने ‘संरक्षित कूळ’ ही संज्ञा आणली, 1948 चा कूळकायदा तिच्या पुढे गेला, आणि दुरुस्त कायद्यानुसार 1 एप्रिल 1957 हा ‘कृषक दिन’ ठरून जमीन कसणारे कूळ तिचे खरेदीदार मानले गेले. ‘त्याच्याकडे’ असलेले शेत अशा रीतीने ‘त्याचे’ झाले.

येथे एक गोष्ट मात्र नजरेतून निसटू नये. कूळ या शब्दात सामावलेले कुटुंब नोंदीच्या वेळी एका व्यक्तीत आकुंचित झाले. राबले घर, आणि खरेदीदार ठरला घरातील एक पुरुष.

3. चूल आणि उतारा

आगरी बोलीत, उत्तर कोकणातील अन्य बोलींप्रमाणे, ‘ळ’चा उच्चार ‘ल’ असा होतो. त्यामुळे ‘कूळ’ व ‘चूल’ ही दोन नावे तेथे सहज यमकात येतात. अर्थाच्या दृष्टीनेही ती शेजारची आहेत. घर म्हणजे एक छप्पर नव्हे. घर म्हणजे एक चूल. एकाच पडवीत दोन चुली मांडल्या, की ती दोन घरे झाली. भाऊ वेगळे झाले याची साक्ष प्रथम चूल देते. त्यानंतर कणगीतील भाताची वाटणी होते, मग शेताची. आणि सरकारी उताऱ्यावर ती वाटणी पुष्कळदा पिढी उलटली तरी येत नाही.

उतारा म्हणजे अर्थातच सातबारा. गावनमुना क्रमांक सात हा हक्कांचा आणि क्रमांक बारा हा पिकांचा; दोहोंचे मिळून हे नाव पडले. त्यातील फेरबदलांची नोंद सहाव्या नमुन्यात होते व तिला ‘फेरफार’ म्हणतात. या उताऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे आढळणारी ‘ए. कु. मॅ.’ ही अक्षरे एका संपूर्ण कुटुंबाचा इतिहास सांगतात. ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ असा त्यांचा विस्तार आहे. ज्याचे नाव आहे तो एकटा मालक नसून इतरांच्या वतीने नाव धारण करणारा आहे, हे ती अक्षरे सांगतात. परंतु नोंदीची पुन्हा नक्कल होताना ती अक्षरे गळली, तर धाकट्यांचा वाटा केवळ गावाच्या स्मरणात राहतो. गावाचे स्मरण पक्के असते. फक्त ते न्यायालयात सहजासहजी दाखल करता येत नाही.

4. घराची धनीण

तुलनेसाठी हिंदी महासागराच्या दुसऱ्या काठावरील एक उदाहरण घेणे उपयुक्त होईल. सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकास आचे हा प्रांत आहे. तेथील खेडीही भातशेतीवर जगणारी. त्यांच्याही भाषेत हक्क, वारस या अर्थांचे शब्द अरबीतूनच आले आहेत, आणि मालमत्तेसाठी वापरला जाणारा ‘अरता’ हा शब्द तर संस्कृत ‘अर्थ’ या शब्दापासून निघालेला आहे. तरीही आचेच्या जुन्या वस्तीच्या भागांत राहते घर परंपरेने मुलीकडे जाते. लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहावयास येतो. पत्नीला तेथे ‘पो रुमोह’ म्हणतात, आणि त्याचा शब्दशः अर्थ ‘घराची धनीण’ असा आहे. इस्लामी वारसाकायद्यात मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा असतो. परंतु बापाने हयातीत मुलीला घर देऊन टाकण्याच्या रूढीमुळे कायदा व रीत यांत तेथे मेळ बसला.

मराठीतही ‘घरधनीण’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ मात्र घरधन्याची पत्नी. शब्दाची घडण सारखी, पण त्यामागील हक्क निराळा. खाडीकाठच्या गावात स्त्री भाताची लावणी करी, मिठागरात मीठ वाही, खाडीत निवट्या व चिंबोऱ्या पकडी आणि पाटी डोक्यावर घेऊन पनवेलच्या बाजारात विकी. घरात रोख पैसा अनेकदा तिच्याच हातून येई. उताऱ्यावर तिचे नाव यावयाचे ते बहुधा विधवा म्हणून. आणि मुलीचे आले तर पुष्कळदा ‘इतर हक्क’ या रकान्यात. बहिणीने भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यावे आणि माहेरचा रस्ता मोकळा राखावा, ही रीत आजही दृढ आहे. तिच्या माहेरच्या हक्काला बोलीत शब्द होते: भाऊबीज, चोळी, बाळंतपण. त्यांपैकी एकालाही दप्तरात रकाना नव्हता.

1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला बापाच्या वाट्यात वारसा दिला. परंतु राहत्या घराची वाटणी मागण्याचा अधिकार तिला पुरुष वारसांनी वाटणी करण्याचे ठरविल्याशिवाय नव्हता. आचेच्या रीतीने जे घर प्रथम मुलीला दिले, तेच येथील कायद्याने तिच्यासाठी शेवटपर्यंत राखून ठेवले. हे कलम 2005 साली रद्द झाले. महाराष्ट्राने 1994 साली व केंद्राने 2005 साली मुलीस जन्मतः सहदायाद मानले, आणि 2020 च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, दुरुस्तीच्या वेळी पिता हयात असण्याची अट त्यासाठी नाही, हे स्पष्ट केले.

5. जमिनीचे रोख्यात रूपांतर

कायद्यातील हे बदल होत असताना खाडीकाठच्या गावांखालील जमीनच पालटत होती. 1970 साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या भागांतील 95 गावांची जमीन संपादनाखाली आली. जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकऱ्यांना प्राण गमवावे लागले. त्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, कोल्ही, कोपर, चिंचपाडा इत्यादी दहा वस्त्या हलविल्या गेल्या. त्या वेळी हे प्रमाण साडेबावीस टक्के ठरले, आणि 2025 च्या ऑक्टोबरात त्या विमानतळाचे उद्घाटन झाले.

टक्केवारीचा हिशेब उताऱ्यावरून होतो. त्यामुळे जे उताऱ्यावर होते त्याचा भूखंड झाला. जे केवळ बोलीत होते त्याचे काहीच झाले नाही. बांध राखण्याचा वाटा, खाजणात निवट्या धरण्याची मुभा, ‘ए. कु. मॅ.’ या अक्षरांआडचा धाकटा भाऊ, ‘इतर हक्क’ या रकान्यातील बहीण, या सर्वांना एका दिवसात आपला संबंध कागदावर सिद्ध करण्याची पाळी आली. शेत जोवर शेत होते, तोवर बहिणीचा हक्क भाताच्या गोणीने व सणाच्या साडीने भागत होता. शेताचा भूखंड होताच त्या हक्काला किंमत आली, आणि जी सही पूर्वी मायेने होत असे तिच्यासाठी भावाबहिणींना न्यायालयाची पायरी चढावी लागली. हा केवळ लोभाचा परिणाम मानणे वरवरचे होईल. दोन थरांपैकी एकच थर लिहिला गेला होता, याचा तो परिणाम आहे.

तथापि प्रवाह एकाच दिशेने वाहिला असे नाही. वाढत्या कुटुंबांना गावठाणात जागा पुरेना, तेव्हा लोकांनी गावठाणाबाहेर, संपादित झालेल्या आपल्याच जुन्या जमिनीवर घरे बांधली. दप्तराच्या दृष्टीने ती अनधिकृत. लोकांनी मात्र त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हटले. हा शब्दप्रयोग सभांतून निवेदनांत गेला आणि 2022 च्या शासन निर्णयात त्याला स्थान मिळाले. ‘गरज’ हा शब्दही अरबीच आहे. परंतु येथे तो दप्तरातून गावात आला नाही, गावातून दप्तरात गेला. हक्काचे कारण म्हणून मालकीऐवजी गरज सांगणारा हा प्रयोग अभ्यासकांनी नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

खार, खांड, उघाडी, आवण हे शब्द ज्यांनी कामाच्या ओघात वापरले ती पिढी आता वृद्ध झाली आहे, आणि पनवेल तालुक्यात ज्या शेतांत ते बोलले गेले त्यांतील पुष्कळ शेते भरावाखाली गेली आहेत. या शब्दांचे संकलन बोलीच्या अभ्यासाला उपकारक ठरेलच. पण त्यांपैकी प्रत्येक शब्द कोणाच्या तरी न लिहिलेल्या वाट्याची नोंद आहे, हे ध्यानात ठेवून ते झाले पाहिजे.