भयपटातली बाई बदलली. खान्देशाशी संबंध काय?

जळगाव/धुळे : भयपट म्हटला की पांढरी साडी, मोकळे केस आणि तिला आवरणारा मांत्रिक. हे चित्र आता पुसट होत आहे. पडद्यावर नेमके काय बदलले?

आधी काय होते?
रामसे बंधूंच्या ‘वीराना’त (१९८८) भीतीचे कारण चेटकीण होती. अशा चित्रपटांत बाई एक तर झपाटलेली, नाही तर संकटात सापडलेली. सुटका करायची ती पुरुषाने.

आता काय बदलले?
विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’त (२०१७) पूजा सावंतने साकारलेली गर्भवती नेहा उसाच्या शेतातल्या घरात अडकते. तिथे भुतापेक्षा भयंकर ठरतो तो ‘मुलगाच हवा’ हा हट्ट. नेहा स्वतःच लढते. याच कथेवर फुरिया यांनी हिंदीत ‘छोरी’ (२०२१) केला. ‘मुंज्या’त (२०२४) तर भूतही मुलाचे आणि ते मागे लागते तेही एका तरुणाच्या.

खान्देशाशी संबंध काय?
२०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे फक्त ८४२ मुली होत्या. ‘लपाछपी’तली भीती ती हीच.

दुसरी भीती सातपुड्याच्या पट्ट्यातली. धुळे-नंदुरबारच्या या भागात ‘डाकीण’ ठरवून बायकांचा छळ होत आला आहे. राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार असा छळ गुन्हा आहे.

चित्रपट दोन तासांत संपतो. डाकीण ठरवलेल्या बाईला मात्र त्याच गावात राहायचे असते.