किलोमीटर नको, मुक्कामाची उंची मोजा : मनाली ते लेह सायकलने

मी इंदूरचा. मनालीहून लेहला सायकलने जायला मी दोनदा निघालो. पहिल्यांदा अर्ध्यातून परत आलो, दुसऱ्यांदा पोहोचलो. सायकल तीच होती, पायही तेच. बदललं होतं ते नियोजन. आज तेवढ्याबद्दलच बोलू.

पहिल्या वेळचा माझा हिशोब सरळ होता. रोहतांगवरून गेलं तर मनाली ते लेह साधारण ४७५ किलोमीटर. रोज साठ धरले तर आठ दिवस. इंदूर-उज्जैन-इंदूर आम्ही रविवारी सकाळी सहज करून यायचो, म्हणून आत्मविश्वास भरपूर होता. सोबत माझा बावीस वर्षांचा भाचा. निघताना ताई एवढंच म्हणाली होती, "दादा, तुझ्या भरवशावर पाठवतेय."

जिस्पापर्यंत मजेत गेलो. तिथून एका दिवसात बारालाचा ला ओलांडून अंधार पडता पडता सरचूला पोहोचलो. ('ला' म्हणजे खिंड.) रात्री भाचा म्हणाला, "मामा, डोकं फुटतंय." जेवला नाही, दोनदा उलटी झाली. उंचीचा त्रास वाढत असेल तर औषध एकच, खाली उतरायचं, हे मला माहीत होतं. मी तंबूवाल्याला विचारलं, खाली जायला कुठला रस्ता? तो माझ्याकडे बघतच राहिला.

मुद्दा इथेच आहे. सरचू सुमारे ४,३०० मीटरवर आहे. मागे जायचं तर आधी जवळपास ४,९०० मीटरची बारालाचा ला चढावी लागते. पुढे जायचं तर नकी ला आणि लाचुंग ला, म्हणजे एक ४,७०० च्या वर आणि दुसरी ५,००० च्या वर. थोडक्यात, सरचूहून पुरेसं खाली उतरायचं असेल तर आधी वर चढावं लागतं! ती रात्र मी त्याच्या उशाशी बसून काढली. पहाटे एका पिकअपवाल्याने दोघांना सायकलींसकट केलांगला आणून सोडलं. केलांग ३,१०० मीटरच्या आसपास आहे. दुपारी भाच्याने स्वतःहून वरण-भात मागितला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

चूक कुठे झाली? मी किलोमीटर मोजले, मुक्कामाची उंची मोजलीच नाही. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा साधारण ५०० मीटरहून जास्त वर नसावी आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं, हा डॉक्टरांचा नियम आहे. दिवसा खिंडीवर चढलात तरी चालतं, पण रात्री खाली झोपायचं. जिस्पा ३,२०० आणि सरचू ४,३००. मी एका रात्रीत हजार मीटरची उडी मारली होती.

ट्रेकवाले हे आधीपासून पाळतात. म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही सायकलीआधी पायवाट धरली. मनालीजवळच्या जोबऱ्याहून निघणारी हामटा खिंडीची वाट रोहतांगसारखीच पीर पंजाल ओलांडून लाहौलमध्ये छत्रूला उतरते. तिचे मुक्काम बघा : चिका सुमारे ३,१००, बालू का घेरा ३,६००, मग ४,२७० मीटरची खिंड ओलांडून शिया गोरू ३,९००, आणि शेवटी छत्रू ३,३००. पायऱ्या कशा नीट आहेत! ही वाट शरीराला उंचीची सवय लावते आणि स्वतःची लक्षणं ओळखायला शिकवते. ट्रेक संपवून जीपने मनालीला आलो, एक दिवस आराम केला आणि सायकली काढल्या.

आता सायकलचे मुक्काम. मढी ३,३००. मग रोहतांग ओलांडून कोकसर ३,१००. २०२० मध्ये सुरू झालेला नऊ किलोमीटरचा अटल बोगदा गाडीवाल्यांना वरदान आहे, पण सायकलवाल्याच्या शरीराला रोहतांगची चढाई उपयोगी पडते. पुढे केलांग, मग जिस्पाला दोन रात्री. पत्सेओ सुमारे ३,८००. ही उडी ५०० पेक्षा थोडी जास्त आहे, म्हणूनच जिस्पाला थांबायचं. मग झिंगझिंगबार ४,२००. इथे स्वतःला तपासायचं, कारण सहज खाली उतरता येईल अशी ही शेवटची जागा. डोकं दुखत असेल, अन्न नको वाटत असेल तर बारालाचा चढायची नाही. बरं वाटेपर्यंत थांबा. वाढलं तर त्याच दिवशी खाली जिस्पाला या.

त्यानंतर सरचू, मग गाटा लूप्सच्या एकवीस वळणांच्या पायथ्याशी स्वतःचा तंबू, कारण सरचू ते पांग हे पंचाहत्तरेक किलोमीटर दोन खिंडींसह एका दिवसात ओढायचे नाहीत. पांग ४,६००, मोरे मैदानाच्या टोकाला डेबरिंग आणि मग ५,३०० मीटरच्या आसपासची टांगलांग ला ओलांडून रुमत्से. तिथून लेहपर्यंत बहुतेक उतार, शेवटी थोडा चढ.

आणखी तीन गोष्टी. दारच्यानंतर रुमत्सेपर्यंत कायमचं गाव नाही, फक्त उन्हाळ्यातले तंबू-ढाबे. म्हणून दोन दिवसांचं खाणं आणि ब्रेकचे जास्तीचे पॅड जवळ हवेतच. दुसरं, पहाटे निघा. ऊन चढलं की बर्फ वितळून रस्त्यावरचे नाले फुगतात आणि दुपारी वारा सुटतो. तिसरं, उंचीवरच्या गोळ्या घरच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. गोळी घेतली म्हणून मुक्काम गाळू नका. आणि माणूस सरळ रेषेत चालू शकत नसेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर सकाळची वाट पाहायची नाही. मिळेल त्या गाडीने खाली न्यायचं आणि ऑक्सिजन मिळत असेल तर लगेच लावायचा.

पहिल्या वेळी आठ दिवस धरले होते. दुसऱ्या वेळी ट्रेक धरून अठरा लागले. लेहच्या बाजारातून भाच्याने ताईला फोन लावला. ती विचारत होती, "जेवलास का?"

तेव्हा नियोजनाला बसाल तेव्हा वहीत किलोमीटरच्या शेजारी आणखी एक रकाना आखा : आज झोपणार किती उंचीवर, आणि रात्री त्रास झाला तर खाली जायची वाट कुठली. ज्या मुक्कामापुढे दुसरं उत्तर लिहिता येणार नाही, तिथे तब्येत ठणठणीत असल्याशिवाय जायचं नाही. भेटू पुढच्या भागात.