ठेका तोच, हात वेगळा

लोणावळ्याच्या पावसात कॅसेट टिकत नाही. वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जून लागला की कपाटातल्या फितीवर पांढरी बुरशी धरते. माझ्या ‘रॉक मशीन’च्या कॅसेटचं तेच झालं. ‘रॉक अँड रोल रेनेगेड’, 1988 सालची. पावसाळा सरला की पेन्सिल घालून फीत सोडवायची, मऊ फडक्याने हातभर हातभर पुसायची आणि परत गुंडाळायची. दोन वर्षं अशी काढली. तिसऱ्या वर्षी फीत तुटली.

पुढे 2012 मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ आला, तेव्हा लोणावळा-पुणे लोकलमध्ये मी मित्राला म्हणालो, “आपल्या बँडचा नवा अल्बम ऐकलास का?” तो म्हणाला, “आपला कुठला? अर्धी माणसं बदलली. नाव तेवढं जुनं.” मळवली स्टेशनात सुरू झालेला हा वाद शिवाजीनगरला उतरलो तरी मिटला नव्हता. आजही भेटलो की तोच विषय निघतो.

ज्यांना हे नाव नवं आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ‘रॉक मशीन’ हा मुंबईचा बँड, स्थापना 1984 ची. पहिल्या अल्बमनंतर 1990 मध्ये ‘द सेकंड कमिंग’ आला. त्या काळात आपल्याकडचे बहुतेक बँड विलायती गाणी वाजवत. या मुलांनी स्वतः लिहिलेल्या गाण्यांच्या कॅसेटी काढल्या आणि त्या आमच्यासारख्या घाटावरच्या पोरांपर्यंत पोचल्या. 1993 मध्ये त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं. 1995 च्या त्याच नावाच्या अल्बममधलं ‘प्रिटी चाइल्ड’ टीव्हीवर घरोघरी दिसलं. उदय बेनेगल गायक, महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटारवर, झुबीन बालापोरिया कीबोर्डवर, मार्क सेल्विन बेसवर, मार्क मेनेझिस ड्रम्सवर. चाहत्यांच्या मनात बँड म्हणजे हे सहा जण. 1997 मध्ये तो फुटला. 2010 मध्ये पुन्हा उभा राहिला, तेव्हा जुन्यांपैकी उदय, महेश आणि झुबीन एवढेच होते. बेसवर रुशाद मिस्त्री आले, ड्रम्सवर जय रो कवी.

मित्राचं म्हणणं हलकं नाही. रॉक बँडमध्ये गायक दिसतो, पण घर उभं असतं ते बेस आणि ड्रम्सवर. ती दोन्ही माणसं गेली तर गाण्याची चालच बदलते. शिवाय जुनी गाणी सगळ्यांनी मिळून ओरडत म्हणायची होती. ‘इव्हॉल्व्ह’ची आठ गाणी तशी नाहीत. ती वळणं घेतात, मध्येच थांबतात, पहिल्या ऐकण्यात हाताला लागत नाहीत. ‘फायरफ्लाइज’ मला तिसऱ्यांदा ऐकल्यावर उमगलं, तेही रात्री, दिवे घालवून, बाहेर पाऊस चालू असताना.

मावळात भजन ऐकत वाढलेल्या माणसाला खरं तर हा प्रश्न नवा नाही. गावच्या मंडळात वीस-पंचवीस वर्षं पखवाज धरलेला माणूस थकतो आणि एका एकादशीला त्याच्या जागी पुतण्या बसतो. अभंग तोच, चाल तीच. तरी पारावर दुसऱ्या दिवशी चर्चा होतेच: “ठेका तोच, पण हात वेगळा.” कुणी नाक मुरडतं, कुणी म्हणतं पोरगं तयार आहे. वर्षभरात टाळकरी त्या नव्या हाताशी जुळवून घेतात, आणि तो हातही त्यांच्याशी.

चाहत्यांच्या या भांडणाचं सगळ्यात कडू उदाहरण मात्र लंडनचं आहे. ‘द क्लॅश’ हा पंक बँड 1976 मध्ये सुरू झाला. ‘लंडन कॉलिंग’ 1979 चा. 1982 मध्ये ड्रमर टॉपर हेडन याला काढलं, 1983 मध्ये गिटारवादक आणि अर्ध्या चालींचा धनी मिक जोन्स यालाही. उरले जो स्ट्रमर आणि पॉल सिमनन. ड्रम्सवर तरुण पीट हॉवर्ड आधीच आला होता; गिटारवर त्यांनी आणखी दोन तरुण घेतले: निक शेपर्ड आणि व्हिन्स व्हाइट. व्हिन्सचं खरं नाव ग्रेग. ते नाव बँडला शोभत नाही म्हणून त्याला बदलायला लावलं. ही गोष्ट वाचली तेव्हा मला वाईट वाटलं. ज्याला नावानिशी आत घेतलं नाही, त्याच्याकडून जीव ओतून वाजवायची अपेक्षा कशी करायची?

तरीही त्या पोरांनी वाजवलं. डिसेंबर 1984 मध्ये संपावरच्या खाणकामगारांच्या मदतीसाठी त्यांनी लंडनमध्ये कार्यक्रम केले. मे 1985 मध्ये पाचही जण साध्या गिटारी घेऊन इंग्लंडच्या उत्तरेकडे निघाले, रस्त्यावर, पुलाखाली, मिळेल तिथे गायले आणि लोकांनी दिलेल्या पैशांवर राहिले. या बँडमध्ये जीव होता.

मग नोव्हेंबर 1985 मध्ये ‘कट द क्रॅप’ आला आणि तो जीव त्यात सापडेना. व्यवस्थापक बर्नी ऱ्होड्स यानेच टोपणनावाने निर्मिती केली होती. हॉवर्डसारखा ड्रमर हाताशी असताना ठेका बहुतेक यंत्राचा घेतला, वर घोषणांचा गलका चढवला. 1986 उजाडलं आणि बँड संपला. 2013 मध्ये त्यांच्या अल्बमांचा मोठा संच निघाला, त्यात ‘कट द क्रॅप’ घेतलाच नाही. जणू ती दोन वर्षं झालीच नाहीत.

मला हे मान्य नाही. त्याच अल्बममध्ये ‘धिस इज इंग्लंड’ आहे आणि स्ट्रमरचा इतका थकलेला, इतका खरा आवाज फार थोड्या ठिकाणी सापडतो. मिक जोन्स नाही म्हणून तो अल्बम पडला, असं चाहते म्हणतात. माझ्या मते तो पडला, कारण आलेल्या माणसांना वाजवू दिलं नाही.

आलेल्या माणसाला मोकळीक मिळाली की काय होतं, ते पाहायला आपल्या रंगभूमीकडे बघा. केशवराव भोसल्यांनी 1908 मध्ये हुबळीला ‘ललितकलादर्श’ ही नाटक कंपनी काढली आणि 1921 मध्ये ते गेले. पडद्यामागे आणि पडद्यापुढे तेच सर्वस्व होते. कंपनी मिटली असं म्हणणारे तेव्हाही असणारच. बापूराव पेंढारकरांनी ती हातात घेतली आणि 1922 मध्ये मामा वरेरकरांचं ‘सत्तेचे गुलाम’ रंगमंचावर आणलं. केशवरावांची नक्कल करत ते बसले नाहीत. पुढे भालचंद्र पेंढारकरांनी ‘पंडितराज जगन्नाथ’ दिलं. आज ‘ललितकलादर्श’ म्हटलं की या तिघांचीही नावं तोंडी येतात.

‘इव्हॉल्व्ह’मध्ये जय रो कवींना मार्क मेनेझिस व्हायला कुणी सांगितलेलं नाही, हे पहिल्या गाण्यातच कळतं. बेस आणि ड्रम्स एकमेकांकडे बघत वाजतात, उदयचा आवाज त्यांच्यावर निवांत टेकतो. 1988 च्या कॅसेटवर माझा जीव आहे आणि राहील. पण या बँडचं सगळ्यात पक्कं काम मी ‘इव्हॉल्व्ह’च मानतो. मित्राला हे पटलेलं नाही. तुम्ही दोन्ही ऐका, आधी नवा, मग जुना, आणि पहिल्या खेपेला गायकाकडे लक्षच देऊ नका. फक्त ड्रम्स ऐका.